बिनचहाचं कॉलेज

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच शपथ बेसावधपणे घेतली, आणि ती त्यांना प्रोव्होहून येऊन चिकटली.

वाद झरघुनाच्या कॉलेजचा होता. झरघुना माझी धाकटी बहीण. तिला दाई व्हायचं होतं, म्हणजे रीतसर नर्सिंग शिकून, पदवी घेऊन. निवड व्यवहारी होती. आम्ही अमेरिकेतल्या यूटामध्ये राहतो. आमच्या डावीकडच्या घरात सात मुलं आहेत, उजवीकडच्या घरात सहा, आणि समोरच्या घरात पाच झाल्यावरही लोक काळजीच्या सुरात 'बाकी सगळं ठीक ना?' असं विचारतात. या राज्यात सगळे धंदे एकवेळ बसतील, दाईचा बसणार नाही.

बाबांचं नाव हाजी सरबाज. जलालाबादहून आलेले, आता बसडेपोत मेकॅनिक. शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, कॉलेजला होता. शहरातल्या विद्यापीठात फुटबॉलचा सामना असला की परतीच्या बसमध्ये काय काय सांडलेलं असतं, ते बस धुणाऱ्यांना कळतं आणि त्यांच्याकडून मेकॅनिकना कळतं. त्यामुळे झरघुनाने विषय काढला की ते बसच्या मागच्या सीटचं वर्णन करायचे आणि विषय संपायचा. असं वर्षभर चाललं. ती घरी बसून मशिदीत लहान मुलांना शिकवत होती. मशीद म्हणजे पूर्वीचं ट्रॅम्पोलिनचं दुकान. छत फार उंच आहे.

शेवटी एका संध्याकाळी ती हट्टालाच पेटली तेव्हा बाबा म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतो? मला असं कॉलेज दाखव जिथे दारूचा थेंब नाही, मुलींच्या खोलीत मुलं जात नाहीत, गुडघ्याच्या वर कपडे नाहीत, आणि चाळे केले तर कान धरून बाहेर काढतात. मी स्वतः गाडीने नेऊन सोडतो. अल्लाची शपथ."

एवढं बोलून त्यांनी निवांतपणे चहाचा पेला उचलला. अमेरिकेत असं कॉलेज नाही याची त्यांना इतकी खात्री होती.

झरघुनाने फोन पुढे केला. "हे घ्या बाबा. प्रोव्होमध्ये आहे. पाऊण तासाच्या रस्त्यावर."

चर्चचं कॉलेज होतं ते. मॉर्मन लोकांचं. बाबांनी चष्मा लावला आणि नियम वाचायला सुरुवात केली. दारू नाही. सिगारेट नाही. लग्नाआधी काही नाही. मुलामुलींच्या खोल्या वेगळ्या, आणि भेटायला यायचं तर ठरलेल्या वेळेत, बाहेरच्या खोलीत, तेही वेळ संपली की घरी. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत चालला. प्रत्येक नियम त्यांच्याच मनातला होता. पुरुषांनी रोज दाढी करायची, एवढा एकच नियम त्यांना खटकला, पण झरघुनाला तो लागू नव्हता.

"हे तर आपलेच लोक आहेत," ते हताश होऊन म्हणाले.

हे ते गेली सहा वर्षं म्हणत होते. शेजारचे ख्रिस्टेन्सन मॉर्मन आहेत. मॉर्मन म्हणजे ख्रिस्तीच, पण बाकीचे ख्रिस्ती त्यांना आपल्यात धरायला कांकू करतात, आणि या बाबतीत बाबांना त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. लॅमार ख्रिस्टेन्सन आमच्या भागातल्या चर्चचे बिशप. त्यांच्यात बिशपला पगार नसतो, म्हणून दिवसा ते दातांचे डॉक्टर असतात. दारू पीत नाहीत. रविवारी दुकानात पाऊल टाकत नाहीत. महिन्यातून एकदा उपास करतात. मुलींना बिनबाह्यांचे कपडे घेत नाहीत. सोळा वर्षांची होईपर्यंत मुलांबरोबर फिरायचं नाव नाही. बाबा कुंपणावरून हे सगळं पाहायचे आणि घरात येऊन सांगायचे, "आपलेच लोक. फक्त नमाज पढायचे राहिलेत." पलीकडे बिशपही बायकोला सांगायचे, "आपलेच लोक. फक्त बाप्तिस्मा राहिलाय." मला हे त्यांच्या मुलीने, ब्रिनलीने सांगितलं. सहा वर्षं दोघं एकमेकांची वाट पाहत होते. एकाहून जास्त बायका करण्याचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. तेवढं शहाणपण दोन्हीकडे होतं.

तर बाबा नियम वाचत वाचत खाली आले आणि एकदम थांबले.

"हे काय आहे?"

"काय?" झरघुना म्हणाली, पण तिला माहीत होतं.

"चहा पिता येणार नाही?"

आमची आई, जिला आम्ही अदे म्हणतो, किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"कॉफी आणि चहा," झरघुना म्हणाली. "त्यांच्या धर्मात नाही चालत. कॉलेजात शिकायचं तर आपणही पाळायचं."

"कॉलेजात ना? घरी आल्यावर तर चालेल?"

"नाही. सगळीकडे. सुटीतही. मी शब्द देणार आहे ना बाबा."

बाबांनी फोन खाली ठेवला. जमीन हादरत असताना माणूस जसा भिंतीकडे बघतो तसं त्यांनी किटलीकडे पाहिलं.

"ही माणसं," ते सावकाश म्हणाले, "कट्टर आहेत."

*

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी धर्माचा आधार शोधायला सुरुवात केली. अल्लाने जे हलाल केलं ते आपण हराम ठरवायचं, हे पाप आहे, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा भक्कम होता. तो घेऊन ते मौलवी अब्दिरिझाक यांच्याकडे गेले. मौलवीसाहेब सोमालियाचे, आठवडाभर शाळेची बस चालवतात, त्यामुळे बाबांचं त्यांच्याशी दोन्ही अंगांनी जमतं.

"हराम ठरवणं वेगळं आणि सोडणं वेगळं," मौलवीसाहेब म्हणाले. "मी डॉक्टरच्या सांगण्यावरून साखर सोडली. मी काय साखर हराम केली?"

"पण ती दुसऱ्या धर्माच्या सांगण्यावरून सोडतेय."

"तुझी मुलगी दारू न पिणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या, अंग झाकणाऱ्या पोरींमध्ये राहायला मागतेय, आणि तू मला चहाचं विचारतोस? सरबाज, घरी जा."

त्या कॉलेजात जायला आपापल्या धर्मगुरूची शिफारस लागते. मौलवीसाहेबांनी झरघुनाला बोलावून अर्धा तास प्रश्न विचारले आणि शिफारस देतो म्हणाले. फक्त बापाने हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही, असं बजावलं. सोमवारी मुदत संपत होती. आता सगळं बाबांच्या 'हो'वर अडलं.

इकडे झरघुनाने चहा सोडलाच होता. अर्ज करायचं मनात आलं त्या दिवसापासून. आमच्याकडे रात्रीच्या नमाजानंतर बाबा आणि ती समोरासमोर बसतात आणि हिरवा चहा पितात. वेलदोडा घातलेला. फारसं बोलत नाहीत. बाबा डेपोतली एखादी गोष्ट सांगतात, ती मशिदीतल्या पोरांची एखादी सांगते. मी कधी त्या बैठकीत बसलो नाही. मला बोलावलेलंही नाही. आता ती बैठकीला यायची, पेला समोर धरायची, आणि त्यात गरम पाणी असायचं.

"हे उपोषण आहे," बाबा मला म्हणाले. "माझ्या घरात, माझ्या समोर बसून."

"बाबा, ती पाणी पितेय."

"तेच तर."

मी सोड्याच्या दुकानात कामाला आहे. मॉर्मन माणसाला चहा-कॉफी चालत नाही, पण बादलीएवढ्या पेल्यात कोला, त्यात नारळाचं सिरप, वर साय आणि एक लिंबू, हे चालतं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागते. बिशप ख्रिस्टेन्सन रोज क्लिनिकमधून परतताना सगळ्यात मोठा पेला घेतात. हे मी घरी सांगितलं ती माझी चूक झाली.

"बादलीभर कोला चालतो," बाबा म्हणाले, "आणि घोटभर पानांचं पाणी चालत नाही?"

"दातांचे डॉक्टर आहेत," अदे म्हणाली. "धंद्याला मदत होत असेल."

मग बाबांच्या डोक्यात एक कल्पना आली. बिशप म्हणजे चर्चचा मोठा माणूस. शेजारी. त्याला जेवायला बोलवायचं, चांगलं खाऊ घालायचं, आणि मग म्हणायचं, एक फोन करा, माझ्या मुलीला चहापुरती सूट मिळवून द्या. जलालाबादेत सगळी कामं अशीच होतात, आणि बाबांच्या मते यूटामध्येही तशीच होत असणार, फक्त आम्हाला अजून कोणी बोलावलं नव्हतं.

"आणि नाही मिळाली सूट तर?" झरघुनाने विचारलं.

"तर नाही जायचं."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"शपथेत चहा नव्हता."

झरघुना उठून आत गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

*

शनिवारी संध्याकाळी ख्रिस्टेन्सन आले. बिशप, त्यांच्या पत्नी शार्लीन, आणि ब्रिनली. बाकीची सहा मुलं घरी ठेवली होती, नाहीतर जेवायला जमिनीवर अंथरतो तो दस्तरखान कमी पडला असता. बिशप साडेसहा फूट उंच. जमिनीवर बसताना ते तीन टप्प्यांत दुमडले.

शार्लीनबाईंच्या हातात जेलीचं भांडं होतं. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. या जेलीचा आमच्या घराशी जुना संबंध आहे. दर नाताळला त्या आणायच्या, आणि ती डुकराच्या हाडांपासून करतात म्हणून आम्हाला चालायची नाही, आणि अन्न फेकणं पाप म्हणून अदे ती टाय लावून धर्मप्रचाराला येणाऱ्या मॉर्मन पोरांना खायला घालायची. पोरं बाबांना धर्म शिकवायला यायची, तीन तास इस्लाम ऐकायची, आणि शार्लीनबाईंची जेली खाऊन आनंदाने जायची. अशा रीतीने ती जेली दरवर्षी धर्मात परत जात होती.

"यावेळी हलाल आहे!" शार्लीनबाई म्हणाल्या. "सोमाली दुकानातून पावडर आणली. माशांपासून करतात म्हणे. फक्त..."

फक्त ती जमली नव्हती. भांड्यात हिरवं पाणी होतं आणि त्यात गाजर पोहत होतं. बाबांनी पाहिलं. मग पेला घेतला, भरला, आणि एका दमात प्यायले.

"उत्तम," ते म्हणाले. "याला सरबत म्हणायला हवं."

पुलाव झाला, बटाटा भरलेल्या रोट्या, म्हणजे बोलानी झाली, बिशपनी तीनदा घेतलं. आणि मग अदेने थाळी आणली. किटली, पेले, बदाम, गूळ. बाबांनी स्वतःच्या हाताने पहिला पेला भरला आणि बिशपांच्या समोर ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याने चहा नाकारणं म्हणजे काय, ते बिशपना ठाऊक होतं. सहा वर्षं शेजारी होते. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, मान झुकवली, आणि तसाच परत खाली ठेवला.

"हाजी, माफ करा. गरम पाणी मिळेल का?"

बाबांनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. डेपोत दर शुक्रवारी कामगारांचं जेवण असतं. कोणीतरी दरवेळी बाबांच्या हातात बिअरची बाटली देतं, बाबा ती दोन्ही हातांनी घेतात आणि तशीच परत ठेवतात. मी एकदा पाहिलंय. त्यांचेही कान लाल होतात.

"हेवाद, गरम पाणी आण," बाबा मला म्हणाले. मग घसा खाकरून मूळ विषयावर आले. "बिशपसाहेब, तुमच्या कॉलेजचं बोलायचं होतं. पोरगी हुशार आहे. सगळे नियम कबूल. फक्त चहाचं तेवढं बघा. एक फोन करा."

"माझ्या हातात नाही हो, हाजी."

"मग कोणाच्या हातात आहे?"

बिशपनी वर बोट दाखवलं. वर आमच्या पंख्यावर धूळ होती.

"बरं, मला समजावून सांगा," बाबा म्हणाले. "नियम काय आहे? नेमका?"

"गरम पेयं घ्यायची नाहीत."

"पण थंड चहा?"

"तोही नाही."

"गरम चॉकलेट?"

"ते चालतं."

"म्हणजे नियम गरम पेयांचा. गरम चॉकलेट गरम आहे, ते चालतं. थंड चहा थंड आहे, तो चालत नाही."

"हो," बिशप म्हणाले. त्यांना यात काहीही वावगं दिसत नव्हतं. "आणि हाजी, मागच्या वर्षी शार्लीनने केक दिला तो तुम्ही परत केला होता. का बरं?"

"त्यात व्हॅनिलाचं इसेन्स होतं. त्यात दारू असते."

"चमचाभर. आणि तीही भाजताना उडून जाते."

"उडून जाते. पण होती."

दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं. मग शार्लीनबाई हसल्या, आणि त्यांचं पाहून अदे हसली, तिला एक शब्दही कळला नव्हता तरी. झरघुना हसली नाही. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती, कारण तो पुन्हा हळूहळू 'नाही'कडे चालला होता.

आणि हे सगळं चालू असताना अदे पेले भरत होती.

तिचा इंग्रजीशी संबंध नाही. तिने नेहमीसारखं केलं. बाबांचा मोठा पेला बाबांसमोर. माझा माझ्यासमोर. झरघुनासमोर गरम पाणी. आणि मग तिने निळा पेला घेतला, त्यात तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि ब्रिनलीसमोर ठेवला. वर तिच्या गालाला हात लावला. "घे बाळा, तुझा," असं पश्तोत म्हणाली.

निळा पेला आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो ब्रिनलीचाच होता. ती वर्षभर दुपारी मागच्या दाराने येत होती. आधी झरघुनाकडे यायची, मग अदेकडे यायला लागली. अदे बोलानीचं पीठ मळायची, ब्रिनली ओट्यावर बसायची, दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत गप्पा मारायच्या आणि चहा प्यायच्या. झरघुनाने चहा सोडला तेव्हापासून तिच्या वाटणीचाही बहुधा तिथेच जात होता. आणि येत्या शरद ऋतूत ब्रिनली दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला निघाली होती. चर्चने तिला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं होतं, म्हणजे दार उघडणारा माणूस जिथे आधी चहाच विचारतो तिथे. हा पेला तिचा आहे हे कोणाच्या लक्षात आलं असतं तर तिचं जाणं रद्द, आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळणार.

ब्रिनली पांढरी पडली. शार्लीनबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. बिशपनी पेल्याकडे पाहिलंच नाही.

बाबांनी हात लांब केला, निळा पेला उचलला, आणि म्हणाले, "हा माझा."

बाबांना मधुमेह आहे.

"अहो, साखर..." अदे म्हणाली.

"आज मला गोड लागतंय," बाबा म्हणाले, आणि तो तीन चमचे साखरेचा चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. आधीचा मोठा पेला समोर वाफाळत होताच. मग तोही प्यायले, म्हणजे कोणाला शंका नको.

"हाजी चहा फार घेतात," शार्लीनबाई हळूच म्हणाल्या.

"व्यसनच आहे," मी म्हणालो.

*

थोड्या वेळाने बिशप उठले. म्हणजे तीन टप्प्यांत उलगडले. "हाजी, जरा बाहेर येता?"

बाबा बाहेर गेले आणि मला मागून दोघांचे बूट घेऊन जावं लागलं. गाड्या लावायच्या जागेवर सिमेंट अजून तापलेलं होतं. गावाबाहेरच्या खाऱ्या सरोवराकडून खारट वास येत होता, उन्हाळ्यात येतो तसा.

"आभार," बिशप म्हणाले.

"कशाचे? मला गोड आवडतं."

"हाजी, मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्या पोरीचे दात वर्षभर बघतोय."

बाबा खाली वाकले. बूट घालत राहिले.

"पुढच्या दातांना आतून पिवळसर रेघ. कोल्याने अशी येत नाही." बिशप खालच्या आवाजात बोलत होते. "धर्मप्रचाराला जायच्या आधी मुलाखत घ्यावी लागते. ती बिशपने घ्यायची. म्हणजे मीच. मी तिला विचारलं, नियम पाळतेस? ती हो म्हणाली. हो म्हणताना तोंड उघडतं ना हाजी. मी बाप म्हणून ऐकत होतो आणि डॉक्टर म्हणून बघत होतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुढे पाठवलं. शिफारस दिली. आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नाही."

हे खरं नव्हतं, आत्ताच त्यांनी तीनदा पुलाव घेतला होता, पण मी मध्ये बोललो नाही.

बाबा गाडीला टेकले. "बिशपसाहेब, खरं सांगू? मला चहाची फिकीर नाही. चहा नाही प्यायली तर मरणार नाही. रात्री ती माझ्यासमोर बसते. पेला धरते. मग चार गोष्टी सांगते. तिकडे गेली की कोणासमोर बसणार, काय सांगणार, परत येईल तेव्हा कोण होऊन येईल? इथे आहे तोवर दिसते तरी. लांब गेली की पोरं बदलतात."

"लांब?" बिशप म्हणाले. त्यांनी आधी आपल्या घराकडे बोट दाखवलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मध्ये फक्त एक कुंपण होतं, तेही मोडकं. "माझी तर तिथे बदलली, हाजी. माझ्या डोळ्यांसमोर. तुमच्या बायकोने बदलली. भर दुपारी."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. आत अदे ब्रिनलीच्या हातात बदाम कोंबत होती. झरघुना बाजूला उभी होती, हातात गरम पाण्याचा पेला, आणि खिडकीतून बाहेर आमच्याकडेच बघत होती.

"माझ्या घरात कोणी बघत नसताना तुमची पोरगी चहा पिते," बाबा हळूहळू म्हणाले, हिशेब जुळतोय का बघत असल्यासारखे. "आणि माझी पोरगी, कोणी बघत नसतानाही, पीत नाही."

"मला तुमची पोरगी चालली असती," बिशप म्हणाले.

"फक्त बाप्तिस्मा राहिलाय."

"फक्त तेवढंच."

"तो राहणारच," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे," बिशप म्हणाले. मग दोघंही थोडे हसले.

बाबा आत आले. दस्तरखानावर जागा शोधून बसले आणि झरघुनाला म्हणाले, "मौलवीसाहेबांना सांग, बाप हो म्हणाला."

झरघुना हलली नाही. "आणि चहा?"

"मला पुरेसा झालाय," बाबा म्हणाले. त्यांना खरंच घाम फुटला होता. साखर मोजायचं यंत्र आणायला अदे आधीच उठली होती.

*

ब्रिनलीने पुढच्याच आठवड्यात बापाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, आता तोंड मोकळं उघड. मग तिचं जाणं पुढे ढकललं, तिने चहा सोडून दाखवला, वडिलांनी तिचे दात घासून पांढरे केले, आणि जानेवारीत ती इंग्लंडला गेली. पहिल्याच पत्रात तिने कळवलं की इथला चहा अगदी टाकाऊ दिसतो, त्यामुळे मोह होत नाही, आणि अदेला तेवढं नक्की सांगा. अदेने ते पत्र फ्रीजवर लावलं आहे. तिला ते वाचता येत नाही, पण कौतुक आहे हे तिला कळतं.

झरघुनाला बाबांनी शपथेप्रमाणे स्वतः गाडीने नेऊन सोडलं. दारावरच्या बाईंनी तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडे आणि पायघोळ कपड्यांकडे पाहिलं आणि तिच्याबरोबर खोलीत राहणार असलेल्या मुलीला म्हणाल्या, "बघ, बघून शीक." बाबा परतीच्या वाटेवर हे वाक्य तीनदा म्हणून दाखवत होते.

रात्रीची बैठक अजून असते. झरघुना फोनवर असते. बाबा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतात, डब्यात आता साखर नसते. ती पेला दाखवते, गरम पाणी. हल्ली बिशपही कुंपणाच्या मोडक्या भागातून येऊन बसतात. त्यांच्यापुढेही गरम पाणी. चौघांच्या त्या बैठकीत, मी धरून, चहा पिणारे आम्ही दोघंच उरलोय, आणि माझा मोजत नाहीत.

काल बिशपनी किटलीचं झाकण उघडून वाकून पाहिलं.

"हाजी, नुसता वास घेतला तर?"

"नियमात वासाचं काही आहे का?"

"नाही."

"मग घ्या," बाबा म्हणाले. "रोज्यात दुपारी आम्हीही तेवढंच करतो."

फोनमधून झरघुना म्हणाली, "बाबा, किटली इकडे पण धरा."

बाबांनी किटली उचलली आणि फोनसमोर धरली. वाफेने काच धुरकट झाली, तिचा चेहरा दिसेनासा झाला, तरी ते ती तशीच धरून बसले.

"येतोय का?" त्यांनी विचारलं.

"येतोय," ती म्हणाली.